फर्स्ट इयरचे मामा

मामा बनायला मराठीत भाचा लागतोच असे नाही. भाच्याशिवायही माणसे रोज मामा बनतात. पण भाचा असला, आणि तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असला, तर काम फार लवकर होते.

गोंदियाचे असेच एक मामा जूनमधल्या एका सकाळी बालाघाटच्या गाडीत चढले. काखेत प्लास्टिकची फाइल, फाइलीत प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स, खिशात दोन पेनं (एक निळं, एक काळं, सरकारी फॉर्म कोणत्या रंगावर रुसेल सांगता येत नाही) आणि चेहऱ्यावर नागपूर विद्यापीठातून बी.कॉम. झालेल्या माणसाचा आत्मविश्वास. हे मामा म्हणजे प्रस्तुत लेखकच. परंतु पुढच्या दोन महिन्यांतले त्यांचे वागणे पाहता लेखकाने त्यांच्यापासून चार हात लांब, तृतीय पुरुषात राहणेच बरे.

मामांची धाकटी बहीण लांजीकडे दिलेली. तिचा मुलगा बारावी पास झाला आणि बहिणीचा फोन आला. "भाऊ, आमच्या घरात कॉलेजात कोणी गेलंच नाही. तू नागपुरात शिकला. तूच जा त्याच्यासंगं. पोरगा बावरून जाईन." पोरगा बावरणार नाही, याची मामांनी तिथल्या तिथे हमी दिली. दुसरे कोणी बावरेल का, हा विषय त्या फोनवर निघाला नाही.

गोंदिया ते बालाघाट अंतर चाळीसेक किलोमीटर. पूर्वी इथे अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी चालायची. तिच्या वेगाबद्दल दोन्ही गावांत इतक्या गोष्टी सांगतात की त्या ऐकायला लागणारा वेळ प्रवासाइतकाच व्हावा. आता मोठी लाइन झाली. त्यामुळे मामांना उपदेशासाठी मिळालेला वेळ कमी, आणि म्हणून उपदेशही थोडक्यात. आदल्या रात्री मुक्कामाला आलेला भाचा खिडकीशी बसला होता. मामा म्हणाले, "तीन गोष्टी ध्यानात ठेव. एक, कोणी काही विचारलं तर घाईनं बोलायचं नाही. दोन, फॉर्मवर मोबाइल नंबर माझा टाकायचा. तुझं रिचार्ज असते, नसते. तीन, शहरात हरवलास तर काली पुतली चौकात जाऊन उभा राहा. हलायचं नाही. मी येतो."

पहिला नियम भाच्याने लगेच अमलात आणला. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमाने पुढे मामांचे काय केले ते यथावकाश येईलच.

बाघ नदीचा पूल गेला की महाराष्ट्र संपतो. बोली बदलत नाही, भाताची बांधी बदलत नाही, वरणातली फोडणीसुद्धा बदलत नाही. बदलतात ते कागद. मामांचे आयुष्य सातबारा, डोमिसाईल आणि तालुका या तीन शब्दांवर उभे होते. नदीपलीकडे सातबाऱ्याचा खसरा होतो, डोमिसाईलचा मूल निवासी होतो आणि तालुक्याची तहसील होते. तीस वर्षांत जमवलेले दाखल्यांचे ज्ञान चाळीस किलोमीटरांत निरक्षर झाले. पण ही बातमी मामांपर्यंत अजून पोहोचायची होती.

ती पोहोचली खिडकीपाशी. कॉलेज कोणते ते विचारू नये. तिथल्या माणसांची चूक काडीची नव्हती आणि मामांची सगळीच होती. रांग पुढे सरकली, आतून प्रश्न आला, "समग्र?"

मामांनी फाइल छातीशी धरून अभिमानाने सांगितले, "हो जी, समग्र आणलं आहे. टीसी, मार्कशीट, फोटो, काहीही राहिलेलं नाही."

"समग्र आईडी, भाईसाहब."

मध्य प्रदेशात 'समग्र' हे विशेषण नाही, ओळखक्रमांक आहे. कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. राज्यातल्या योजना, शिष्यवृत्त्या आणि बऱ्याच अर्जांचे कुलूप त्याच किल्लीने उघडते. मामांना हे माहीत असण्याचे कारण नव्हते. पण माहीत नाही असे म्हणण्याचीही त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "ते नंतर देतो." मागून भाच्याने शांतपणे नऊ आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. शाळेत पहिलीपासून लागतो, त्याला पाढ्यांसारखा पाठ होता.

इथेच मामांनी घरी परतायला हरकत नव्हती.

पण मदतीचा एक स्वभाव असतो. ज्याला मदत करायची त्याला ती नको आहे हे दिसले की ती दुप्पट होते. मामांनी मोर्चा वळवला नावाकडे. भाच्याचे आडनाव टेंभरे. दहावीच्या मार्कशीटवर 'टेंभरे', आधारवर 'टेम्भरे', आणखी एका कागदावर 'टेमरे'. आणि रोमन लिपीत गेल्यावर तर एच कुठे घालायचा याबद्दल प्रत्येक कार्यालयाचे स्वतंत्र मत. या भागात ही तक्रार एकट्या टेंभऱ्यांची नाही. जिल्ह्यातला मोठा समाज पोवारांचा. त्याचे नाव पोवार लिहावे, पवार लिहावे की पंवार, यावरच एकमत व्हायचे आहे. आता क्रेडिट साठवण्याची देशव्यापी बँक निघाली आहे, तिच्यात विद्यार्थ्याचे खाते लागते. खाते उघडायला नाव आधारशी जुळावे लागते, आणि बाप-आजोबांच्या काळापासून न जुळलेली आडनावे एका दुपारात जुळवण्याची जबाबदारी येते अठरा वर्षांच्या पोरावर. पैशाच्या बँकेत निदान रक्कम तरी चुकत नाही असे समजून आपण झोपतो. या बँकेत रक्कम बरोबर, खातेदार कोण ते ठरायचे असते.

मामा संतापून म्हणाले, "एका अक्षरासाठी माणूस बदलतो का?"

किओस्कवाला संगणकावरून मान न उचलता म्हणाला, "माणूस नाही, गाव बदलते." आणि त्याने मामांना ती गोष्ट सांगितली, जी बालाघाटात कोणीही सांगतो. या गावाचे जुने नाव बुऱ्हा. जिल्हा झाला १८६७च्या सुमारास, भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून. म्हणतात, इथल्या बारा घाटांवरून 'बाराघाट' असे नाव सुचवून कागद कलकत्त्याला पाठवला. तिकडून परत आला तेव्हा 'र'चा 'ल' झालेला. दुसरे लोक सांगतात की बालाघाट म्हणजे साधे, घाटावरचा मुलूख. खरे कोणते ते वैनगंगा जाणे. मामांच्या डोळ्यांपुढे मात्र एक अख्खे शहर शपथपत्र घेऊन नावदुरुस्तीच्या रांगेत उभे राहिले. टेंभरे त्याच्या मागे दुसरे.

या सगळ्यात मामांना राहून राहून सत्यकाम जाबाल आठवत होता. छांदोग्य उपनिषदातला तो मुलगा गौतम ऋषींकडे प्रवेशाला गेला. ऋषींनी गोत्र विचारले. मुलगा म्हणाला, ठाऊक नाही. आईलाही ठाऊक नाही. तिचे नाव जबाला, म्हणून मी सत्यकाम जाबाल. ऋषी म्हणाले, खरे बोललास, समिधा घेऊन ये. एका वाक्यात सत्यापन, त्याच वाक्यात सीट अलॉटमेंट. आज तोच मुलगा पोर्टलवर आला असता तर लाल फुलीच्या रकान्यात अडकला असता. "कृपया यह फील्ड भरें" एवढेच वाचत त्याची पहिली फेरी गेली असती, मग दुसरी गेली असती, आणि शेवटी कॉलेज स्तरावरच्या फेरीत त्याला हवा तो विषय सोडून भूगोल मिळाला असता.

गौतमांनी त्याला पहिल्या दिवशी काय दिले, हेही पाहण्यासारखे आहे. चारशे रोडावलेल्या गाई. मुलगा म्हणाला, हजार झाल्याशिवाय परत येणार नाही, आणि रानात निघून गेला. वर्षे गेली. वाटेत त्याला बैलाने शिकवले, अग्नीने शिकवले, हंसाने शिकवले, पाणकोंबडीसारख्या एका पाखराने शिकवले. मामाने शिकवल्याचा उल्लेख कुठल्याही भाष्यात सापडत नाही. लेखकाने शोधला.

आता विषयनिवड. मध्य प्रदेशने २०२१-२२ पासूनच पदवीला नवे शैक्षणिक धोरण लावले, देशात अगदी पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर. मामांच्या काळी विषय घ्यायचा म्हणजे मित्राने घेतलेला घ्यायचा. इथे ताट वाढलेले: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल, फाउंडेशन, आणि पानाच्या कडेला मिठासारखा प्रोजेक्ट नाहीतर इंटर्नशिप. मामांनी मेजर म्हणजे मुख्य हे ओळखले. मायनर म्हणजे अठराच्या आतला, असे समजून त्यांनी भाच्याच्या वतीने ठणकावून सांगितले की मुलगा गेल्याच महिन्यात अठरा पूर्ण झाला आहे. खिडकीतल्या बाईंनी अभिनंदन केले.

व्होकेशनलच्या यादीत 'व्यक्तित्व विकास' होते. मामांनी आग्रह धरला. भाच्याने 'जैविक खेती'वर खूण केली. त्या संध्याकाळी लांजीकडे फोन लागला आणि स्पीकरवर आजोबा आले. आजोबांच्या बांधीत चिन्नोर होतो. बालाघाटच्या याच सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधीही तो वास देतच होता, पण कागदाविना.

"कोणता विषय घेतला म्हणता?"

"जैविक खेती. म्हणजे सेंद्रिय शेती," मामा म्हणाले.

बराच वेळ फोनवर नुसता बेडकांचा आवाज येत राहिला. मग आजोबा म्हणाले, "शेतीच शिकाची होती तं वावर का बुडालं होतं? अन् सेंद्रिय! युरिया भेटत नोहोता तवा आमी सेंद्रियच करत होतो जी. कोनं सर्टिफिकेट नाही देल्लं."

सर्टिफिकेटचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकावे. या धोरणात एक वर्ष करून सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी आणि चार केली तर ऑनर्स. ही सोय मामांना फार आवडली. मामांच्या बॅचचे निम्मे लोक पहिल्या वर्षातच पळाले होते. आज त्यातले काही किराणा दुकानांचे मालक आहेत, एक तर तांदळाच्या गिरणीचा. तीस वर्षे त्यांना गावात 'सुटलेला' म्हणतात; वेळ जरा पुढची लागली असती तर ते सन्मानाने प्रमाणपत्रधारक झाले असते.

विद्यापीठाचीही एक गंमत झाली. भाच्याने भाबडेपणाने विचारले, "मामाजी, विद्यापीठ कुठं आहे?" मामांनी कॉलेजच्या इमारतीमागे बोट केले, तिकडे सायकल स्टँड निघाला. बालाघाटची कॉलेजे आधी जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठाकडे होती. २०१९ मध्ये छिंदवाड्याला नवे विद्यापीठ झाले. त्याला पुढे १८५७ साली जबलपुरात तोफेच्या तोंडी दिलेले गोंड राजे शंकर शाह यांचे नाव मिळाले, आणि बालाघाट त्याच्याकडे गेले. गोंड राणीच्या राज्यातून गोंड राजाच्या राज्यात बदली झाली. बाक तेच, फळा तोच. तीन वर्षांत एकदाही विद्यापीठाचे दार न पाहता त्याची पदवी मिळवणारी मुले इथे हजारांनी निघतात. सासर न पाहता संसार करण्यापैकीच हे.

प्रवेश झाला. आता मुलाला 'रुळवायचे' होते, आणि त्यासाठी तर सरकारनेच कार्यक्रम आखला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी एक मार्गदर्शिका काढली; नाव 'दीक्षारंभ'. नाव देखणे आहे. पण ते आजीच्या कानावर गेले, तेही बहिणीच्या तोंडून, तेही चुलीपाशी. आजीने पदर तोंडाला लावला. "पोरगा दीक्षा घेऊन राह्यला? अवो, आतास तं गेला! त्याच्या लग्नाचं का होईन?" तिला समजावता समजावता बहिणीचे पिठले खाली लागले. शेवटी 'स्वागत समारंभ' म्हटल्यावर आजी शांत झाली आणि तिने विचारले, आहेर किती द्यायचा?

समारंभाला मामा हजर होतेच. एकटे नव्हते. हॉलमधल्या खुर्च्यांवर तीस-चाळीस मामा, काका, भाऊजी आणि दोन माजी सरपंच बसले होते. ज्यांचे स्वागत होते ती मुले भिंतीला टेकून उभी. एका सरांनी मोकळेपणाने शंका विचारायला सांगितले. पहिला हात मामांनी वर केला. दुसरा एका काकांनी. पंधरा मिनिटांत हॉस्टेलच्या पाण्यापासून नोकरीच्या हमीपर्यंत सगळे विचारून झाले, आणि शेवटी सर म्हणाले, "किसी विद्यार्थी को कुछ पूछना है?" भिंतीपासून एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, हम बैठ जाएं?"

रॅगिंगविरोधी शपथपत्राचाही भाग झाला. आयोगाच्या २००९च्या नियमांनुसार ते विद्यार्थ्यालाही द्यावे लागते आणि पालकालाही. मामांनी ते मोठ्याने वाचले, आपल्या स्वतःच्या कॉलेजकाळातल्या दोन-तीन गोष्टी आठवून मध्येच आवाज खाली आणला, आणि मुकाट्याने पुढच्या मुद्द्यावर गेले. मदतीचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-५५२२ त्यांनी भाच्याकडून पाच वेळा म्हणून घेतला. भाच्याने तो मोबाइलमध्ये 'मोठे मामा' या नावाने साठवला. नवख्याचा छळ हा प्रकार काही आपला शोध नाही. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्याला पिवळ्या चोचीचे पिल्लू म्हणत. जर्मनीत त्याला शिंगे बांधत आणि करवत-पक्कड घेऊन ती काढण्याचे नाटक करत; जनावराचा माणूस झाला की जेवण, आणि जेवणाचा खर्च त्या पिल्लाच्याच खिशातून. बालाघाटात दिसले ते उलटेच. सेकंड इयरची पोरे नियमांना इतकी वचकून होती की फर्स्ट इयरच्या भाच्याला "आप बैठिए ना" म्हणत होती. छळाची सगळी जबाबदारी नातेवाइकांवर आली होती आणि ती ते पार पाडत होते.

मामा गोंदियाला परतले आणि मग सुरू झाले दुसऱ्या नियमाचे प्रकरण.

फॉर्मवर नंबर मामांचा. म्हणजे भाच्याने बालाघाटच्या किओस्कवर लॉगिन करायचे, आणि ओटीपी यायचा गोंदियात मामांच्या शर्टाच्या खिशात. पहिल्यांदा तो आला तेव्हा मामांनी संदेश शेवटपर्यंत वाचला. तिथे लिहिले होते, हा क्रमांक कोणालाही सांगू नका. मामा सुजाण नागरिक. भाच्याचा फोन आला तर त्यांनी विचारले, "तू खरंच तूच कशावरून?"

"मामाजी, मी आहो."

"तसं सगळेच म्हणतात. तुझ्या मामीनं मागच्या दिवाळीत काय बिघडवलं होतं?"

"...अनारसे."

ओळख पटली, पण तोवर ओटीपीची मुदत संपली. शिवाय मामी शेजारीच होती.

त्यानंतर ओटीपी कधीही येऊ लागला. मामा न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली. मामा आंघोळीत, आणि मामी दाराबाहेरून "तीन का आठ, नीट दिसत नाही जी" म्हणून ओरडते आहे. एकदा तर मामा एका तेरवीच्या पंगतीत बसलेले, वाढपी बुंदी घेऊन आलेला, आणि मामा फोन कानाला लावून घोषणा करताहेत, "चार! सात! सात! दोन!" वाढप्याने दोन पावले मागे जाऊन पानांची मोजणी पुन्हा सुरू केली. यजमानांना वाटले, पंगत कमी पडते आहे. आणखी भात टाकला गेला. मृताच्या मुलाने नंतर हात जोडून मामांचे आभार मानले, की एवढ्या गडबडीत तुम्हीच लक्ष ठेवले.

त्याच नंबरामुळे मामा वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटातही पोहोचले. गट तीन होते: 'प्रथम वर्ष ऑफिशियल', 'प्रथम वर्ष असली ऑफिशियल', आणि तिसऱ्याचे नाव नुसतेच 'नोट्स', ज्यात नोट्स सोडून सगळे होते. मामांनी तिन्ही गटांत सकाळी सहाला गुलाबाच्या फुलांसह सुप्रभात टाकले. आठव्या दिवशी त्यांना तिन्ही गटांतून काढून टाकले. नागपूरला एकदा त्यांना मेसमधून काढले होते, तेव्हा दोन महिन्यांची बाकी तरी होती.

जुलैच्या मध्यावर मामा लांजीकडे गेले. बहिणीला काळजी होती की पोराला घरची आठवण येत असेल. मामांनी यावर दहा मिनिटांचे भाषण तयार केले होते. परदेशातही मुलांना असेच होते, जपानात तर एप्रिलमध्ये दाखल झालेली मुले मे महिन्यात उदास होतात आणि त्याला 'मेचा आजार' असे नावच आहे, वगैरे. भाषण ऐकायचा होता तो श्रोता घरीच निघाला, गुडघ्याएवढ्या चिखलात. रोवणी चालू होती. निम्मा वर्ग आपापल्या गावी बांधीत उतरला होता, एका तासाला अकराच पोरे पाहून सरांनी फक्त एवढे विचारले म्हणे, "रोपा चल रहा है?" आणि हजेरी न घेता तेही घरी गेले, त्यांनाही मजूर ठरवायचे होते.

मामा धुऱ्यावर छत्री धरून उभे राहिले. परवा लावलेली बांधी पिवळी दिसत होती. पऱ्ह्यात हिरवीगार असलेली रोपे उपटून, जुड्या बांधून, चिखलात खोवली की काही दिवस अशीच मान टाकतात. मामांना ते पाहवेना. "आजोबा, हे मरून चाललं. युरिया टाकू का थोडा? एक-दोन उपटून पाहू का, मूळ धरलं का नाही?"

"हात नका लावू जी," आजोबा म्हणाले. "तुमी छत्री धरा."

तेवढ्यात मामांच्या खिशात ओटीपी आला. बांधीतून भाचा ओरडला, "मामाजी, तो माझा नाही. बघून घ्या, कोणाचा आहे!" मामांनी पाहिले. तो त्यांच्या स्वतःच्या बँकेचा होता आणि तो कशासाठी आला हे त्यांना अजून समजलेले नाही.

ऑगस्टमध्ये असे ठरले की मोबाइल नंबर बदलून भाच्याचा करायचा. त्यासाठी जुन्या नंबरावर ओटीपी येणार होता. म्हणजे मामांनी एकदा फोनसकट बालाघाटला जाणे आले. मामांनी सकाळची गाडी पकडली. बहिणीने दिलेले चिन्नोर, मामीने दिलेले लिंबाचे लोणचे, दोन बनियन, आणि घरची आठवण या विषयावरचे ते न झालेले भाषण, एवढे सामान. बालाघाट स्टेशनवर उतरून त्यांनी भाच्याला फोन लावायला खिशात हात घातला. खिशात चष्म्याचे घर होते. फोन गोंदियाला, फ्रिजवर, चार्जिंगला.

भाच्याची खोली कोणत्या गल्लीत ते मामांना ठाऊक नव्हते. ते फोनमध्ये होते. भाच्याचा नंबर पाठ नव्हता, तोही फोनमध्ये. चहाच्या टपरीवाल्याने स्वतःचा फोन पुढे केला, "लगा लो." मामांना संपूर्ण जगातला एकच नंबर तोंडपाठ होता, तो १८००-१८०-५५२२. तो लावून एका मोठ्या वयाच्या माणसाने काय तक्रार सांगायची हे सुचेना, म्हणून त्यांनी फोन परत दिला. कॉलेज रक्षाबंधनासाठी बंद. पाऊस सुरू झालेला. पिशवीतून लोणच्याचे तेल एका बनियनवर उतरू लागलेले.

मग मामांना आपलाच तिसरा नियम आठवला.

विचारत विचारत ते काली पुतली चौकात आले आणि एका दुकानाच्या वळचणीखाली उभे राहिले. हलले नाहीत. पाऊण तासाने एक भिजलेली सायकल आली, तिच्यावर भाचा आणि मागे दुसराच कोणी पोरगा. गोंदियात मामीने फ्रिजवर वाजणारा फोन उचलला होता आणि भाच्याला सांगितले होते, की मामा निघाले आहेत पण फोन इथेच आहे, तू बघ बाबा.

भाच्याने पिशवी घेतली, लोणच्याची बरणी सरळ केली, छत्री मामांच्या डोक्यावर धरली. "चला मामाजी, आधी चहा घ्या. गारठून गेले."

चहा गाळता गाळता कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने मामांकडे मान करून भाच्याला विचारले, "नये आए हैं क्या?"

"हां," भाचा म्हणाला, "फर्स्ट इयर है. सीख जाएंगे."